ओठाखालची जागा

तैलचित्रावर वर्षानुवर्षे साचलेली काजळी काढायला माणसाच्या थुंकीइतके चांगले द्रावण नाही, ही गोष्ट मी सासरी कधीही सांगितली नाही. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा, तो जिभेवर किंचित ओलावायचा आणि न घासता चित्रावरून फिरवायचा. कापूस काळा झाला की टाकून नवा घ्यायचा. कलकत्त्यात नऊ वर्षे मी हे काम केले. पुण्याहून येणाऱ्या पत्रांत 'तुझे चित्रकलेचे काम कसे चालले आहे' अशी चौकशी असे, आणि मी 'बरे चालले आहे' एवढेच उत्तर धाडीत असे. आता ती पत्रे लिहिणारी बहुतेक माणसे राहिली नाहीत आणि या अंकाच्या संपादिकाबाईंनी मोकळेपणाने लिहा असे बजावले आहे. मोकळेपणा हा माझा गुण नव्हे. या लेखात सांगायची मुख्य गोष्टही, खरे तर, त्याच उणिवेची आहे.

तत्त्वज्ञानात एम. ए. झाल्यावर मी एका महाविद्यालयात शिकवू लागले होते; पण वर्गासमोर उभी राहिले की माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे पोहोचत नसे. एक सत्र कसेबसे संपवून मी राजीनामा दिला. पुढे लग्न झाले, यजमानांच्या केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत राहिल्या, आणि फाळणीनंतर दोनेक वर्षांनी आम्ही कलकत्त्याला आलो तेव्हा मला अडतिसावे वर्ष लागले होते. सामानाच्या हालचालीत सासऱ्यांचे तैलचित्र खांद्यापाशी फाटले. बहूबाजारच्या एका गल्लीत ननीबाबू नावाचे वृद्ध गृहस्थ जुनी चित्रे दुरुस्त करतात असे कळले, म्हणून ते घेऊन गेले. चित्र टेबलावर ठेवून घरी परतायचे होते. मी तीन तास त्यांचे काम पाहत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी काही निमित्त काढून पुन्हा गेले. चौथ्या दिवशी त्यांनी काही न विचारता माझ्या हातात कापूस दिला. माझे शिक्षण कळल्यापासून ते मला 'प्रोफेसर' म्हणू लागले, आणि त्या हाकेतला खट्याळपणा शेवटपर्यंत गेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटते की आमचे काम म्हणजे बिघडलेले चित्र सुंदर करणे. ननीबाबूंना हे वाक्य ऐकवले तर ते पान थुंकायला उठत. कोणतेही चित्र समोर आले की ते एकच प्रश्न विचारीत: "हे कुणी केलं? काळानं की चित्रकारानं?" ओल, बुरशी, उंदीर, हातगाडीवरचा धक्का ही सारी काळाची कामे, ती निस्तरायची. चित्रकाराने जे केले असेल, ते कितीही वेडेवाकडे असले तरी त्याला हात लावायचा नाही. शिवाय आपण जे काही भरू ते पुढच्या माणसाला काढता आले पाहिजे. म्हणून आम्ही आधी वार्निशचा पातळ थर देत असू, त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे लुकण भरीत असू, आणि त्यावर टर्पेंटाइनने निघेल असा रंग लावीत असू. प्रत्येक चित्राला हात लावण्यापूर्वी त्याची एक वही-नोंद होई: कुठे भेग, कुठे पोपडा, कड कशी. वही लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

आमच्याकडे येणाऱ्या चित्रांत सर्वांत अवघड असत ती चित्रकारांनी स्वतःची काढलेली. तांत्रिकदृष्ट्या त्यांत वेगळे काही नसते. अडचण पाहणाऱ्याची होते. असे चित्र समोर आले की प्रत्येकाला त्या माणसाचे मन वाचता येते असे वाटू लागते. तत्त्वज्ञानाच्या पदवीमुळे मला ते जरा जास्तच वाटे. एका निवृत्त बॅरिस्टरसाहेबांनी दर वाढदिवसाला आपले चित्र काढण्याचा परिपाठ ठेवला होता, आणि अकराच्या अकरा चित्रांत कपाळाला एकच भयंकर आठी होती. केवढा संतप्त आत्मा, असे मी ननीबाबूंना हळूच म्हणाले. ते म्हणाले, "चष्मा काढून आरशात बघतो बिचारा. तुम्ही बघून पाहा." तसेच होते. काचांवरची तिरीप नको म्हणून साहेब चष्मा उतरवीत, आणि डोळे बारीक करून स्वतःला शोधीत. रोखलेली नजर, वर गेलेली भुवई, आवळलेला जबडा ही बहुधा आरशाची देणगी असते. तिला दुःख समजू नये, हे मी त्या दिवशी शिकले.

मात्र मन तिथे नसते असे नाही. स्वच्छ करण्यासाठी ती अकरा चित्रे मी भिंतीशी ओळीने लावली, तेव्हा दिसले की दर वर्षी साहेबांचे डोके चौकटीत थोडे खाली सरकले होते. वरची रिकामी भिंत वाढत गेली होती. हे त्यांनी मुद्दाम केले नव्हते. चौकशीला आले तेव्हा त्यांनीही ती ओळ पाहिली. पुढ्यातला चहा निवून गेला. मग चित्रे तशीच, अर्धवट पुसलेली, घरी घेऊन गेले. पुढच्या वाढदिवसाचे चित्र आमच्याकडे आले नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या कामाचे तिसरे वर्ष होते आणि दिवस हिवाळ्याचे. कलकत्त्याच्या पावसाळी हवेत वार्निश दुधाळ होते, म्हणून हिवाळ्यात आमच्याकडे कामाची गर्दी असे. नेमके तेव्हाच ननीबाबू तापाने आडवे झाले आणि दुकान माझ्यावर पडले. एका सकाळी तिशीतली एक बाई चादरीत गुंडाळलेले चित्र घेऊन आली. नाव लतिका धर. पती बिनय धर कलकत्त्याबाहेर बजबजला एका ज्यूट मिलच्या शाळेत चित्रकला शिकवीत. दोघे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले. मित्रांनी भवानीपूरला एक छोटे प्रदर्शन ठरवले होते आणि त्यात बिनयबाबूंची तीन चित्रे जायची होती. त्यांतले हे एक उंदरांनी खाल्ले, असे ती म्हणाली. त्यांना अजून कळलेले नाही. कळले तर फार लागेल. येत्या शनिवारी चार वाजता मित्र चित्रे न्यायला येतील, त्यापूर्वी गुपचूप नीट करून द्या.

मी चादर सोडली. तपकिरी शाल पांघरलेला माणूस, मागे किलकिले दार. कपाळ, डोळे, गाल सारे सावकाश, जिव्हाळ्याने रंगवलेले. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत मात्र तोंड नव्हते. तिथे रंग कालवण्याच्या सुरीच्या रुंदीचे आडवे-उभे ओरखडे होते, थेट कॅनव्हासपर्यंत गेलेले.

वाळलेला रंग तुटतो तेव्हा त्याची कड बिस्किटासारखी, तीक्ष्ण आणि भुसभुशीत होते. ओला रंग खरवडला तर लोण्यातून चमचा फिरवल्यासारखी कड गोल होऊन वर वळते आणि तशीच वाळते. चित्र खिडकीशी आडवे धरून कडेने पाहिले की हे शिकाऊ माणसालाही कळते. मला कळले. रंग ओला असतानाच हे झाले होते आणि ज्याच्या हातात त्या वेळी सुरी होती त्यानेच, म्हणजे चित्रकारानेच, केले होते.

मी मान वर केली तेव्हा लतिका माझ्याकडेच पाहत होती. एक प्रश्न विचारायला हवा होता. तो माझ्या जिभेवर आला आणि वर्गात येई तसाच तिथे थांबला. परक्या बाईला, तुम्ही खोटे बोलता, असे कसे म्हणायचे? मी म्हणाले, बरोबर मापासाठी त्यांचा एखादा फोटो मिळेल का. तिने पिशवीतून तयारच असलेला फोटो काढला.

पाच दिवस मी त्या तोंडावर काम केले, आणि इतके चांगले काम त्यापूर्वी माझ्या हातून झाले नव्हते हे कबूल करायला हवे. फोटोवरून ओठ आणले, गालांच्या रंगाशी जुळवले, कुंचल्याची दिशासुद्धा बिनयबाबूंच्या हातासारखी ठेवली. लतिका गुरुवारी चित्र न्यायला आली तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात दिवसभर मी त्या कडांचा विचार केला नाही.

शुक्रवारी ननीबाबू शाल गुंडाळून दुकानात आले. सवयीप्रमाणे आधी वही उघडली. तोंडाने मी गप्प राहिले होते, पण वहीत मला खोटे लिहिता आले नव्हते. तिथे माझ्या सुबक अक्षरात नोंद होती: कड गोल, वर वळलेली, सलग.

"प्रोफेसर, अक्षर तुमचंच ना?"

मी हो म्हणाले.

"मग उंदीर लोणी खात होता की काय?"

मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. वही मिटून ते एवढेच म्हणाले की लुकण आठवड्याच्या आत सुटते, नंतर दगड होते. पुढे काय करायचे असे मी विचारले, तर म्हणाले, "माझ्याकडे का बघता? चित्र माझं नाही."

शनिवारी सकाळी कापूस, काड्या, टर्पेंटाइनची बाटली आणि भिंग पिशवीत घालून मी सियालदहला बजबजची गाडी पकडली. एकटीने केलेला तो माझा पहिला प्रवास. प्रत्येक स्टेशनावर मला उतरून परत फिरावेसे वाटत होते. चार वाजता चित्र जाणार होते. त्यापूर्वी मला एका बाईचे गुपित फोडायचे होते, आणि नाही फोडले तर एक माणूस भर सभेत माझ्या हातचे तोंड लावून भिंतीवर टांगला जाणार होता.

लतिकेने दार उघडले आणि माझी पिशवी पाहताच तिला उमगले. चित्र खाटेशी, भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. बिनयबाबू शाळेतून एक वाजता येत. मी अडखळत म्हणाले की हे त्यांना सांगायला हवे. तिने दार लोटून घेतले. मग म्हणाली, "दीदी, तुम्हाला पहिल्याच दिवशी समजलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हा नाही विचारलंत. आता कशाला आलात?"

मी पिशवी खाली ठेवली. नंतर तीच बोलू लागली, चुलीकडे तोंड करून, जणू मी तिथे नव्हतेच. शाळेचे हेडमास्तर प्रदर्शनाला येणार होते. बिनयबाबू वर्गात शिकवता शिकवता फळ्यापाशी नुसते उभे राहतात अशी तक्रार त्यांच्या कानावर गेली होती. त्यात हे चित्र पाहिले तर डोके फिरलेला मास्तर म्हणून घरी बसवतील. पण एवढेच असते तर तिने चित्र लपवून ठेवले असते. "एका घरात राहतो, एका ताटलीतली भाजी खातो, आणि हा माणूस स्वतःचं तोंड खरवडून काढतो. म्हणजे मला काय सांगायचं असतं त्याला? की तुझ्याशी बोलायचं नाही. दुसरं काय?"

मला तिचे म्हणणे पटले, हे लिहायला हवे. मीही ते चित्र तसेच वाचले होते: मौन घेतलेला माणूस.

बिनयबाबू आले. उंच, बारीक, बाहीला खडू लागलेला. मी कोण ते लतिकेने सांगितले नाही, म्हणून मीच सांगितले. माझा आवाज त्या लहानशा खोलीत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, याचे मला नवल वाटले. त्यांनी चित्र वळवले आणि खिडकीशी नेऊन, आडवे धरून, कडेने पाहिले. मिलचा भोंगा वाजला तरी त्यांची नजर हलली नाही.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "ओठ कुठले?"

"फोटोतले. तुमच्या लग्नाच्या वेळच्या."

"डोळे छत्तीस वर्षांचे आणि ओठ तेविसाचे." ते किंचित हसले, पण लतिकेकडे न पाहता. "निघेल?"

मी म्हणाले, निघायला हवे. पण ओरखड्यांच्या तळाशी कॅनव्हास उघडा आहे, ओल जास्त झाली तर शेजारचा तुमचा रंग सुटेल. खात्री देता येत नाही. माझा हात हलला तर हनुवटीही जाईल. त्यांनी स्टूल खिडकीशी सरकवले आणि म्हणाले, "काढा."

टर्पेंटाइनने आधी वरचा ओठ गेला, मग खालचा. पाच दिवसांचे काम पाव तासात कापसावर आले. खाली लुकणाचा पांढरा पट्टा उघडा पडला. आता पाणी हवे होते, पण पाणी आवरत नाही. त्यासाठी दुसराच उपाय. मी काडी हातात घेऊन थांबले आणि शेवटी सांगितले की मला कापूस तोंडात ओलवावा लागतो, तेव्हा क्षणभर तिकडे पाहा.

लतिका मागून म्हणाली, "दीदी, सुई ओवताना आम्ही दोरा तोंडातच धरतो. करा तुम्ही." तिच्या आवाजातला राग गेला नव्हता, पण ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वापरलेले बोळे घ्यायला तिने हात पुढे केला.

पहिला ओरखडा मोकळा झाला. दुसरा. त्या गोल कडा पुन्हा दिसू लागल्या, तेव्हा तिने नवऱ्याला विचारले, सरळ, माझ्या खांद्यावरून: "माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून केलंत ना हे?"

ते इतके चकित झाले की आधी त्यांना प्रश्नच समजला नसावा. "तुझ्याशी?" मग ते बोलले, आणि मी काडी उचलून धरली. त्यांचे थोरले बंधू देशाकडे, खुलन्याच्या घरी, मागे राहिले होते. घर सांभाळा, दुर्गापूजेला येऊन घेऊन जातो, असे बिनयबाबूच त्यांना सांगून निघाले होते. पूजा गेली. पुढची गेली. पत्रेही थांबली. "आरशात बघून तोंड रंगवलं की ते दादाचं व्हायचं. पुसून पुन्हा रंगवलं, तरी दादाचंच. डोळे माझे येत होते, कपाळ माझं येत होतं, आणि तोंड मात्र 'मी थांबतो' म्हणणाऱ्या दादाचं. सातव्यांदा सुरी घेतली."

मी कापूस टेकवला, आणि त्याच क्षणी खालच्या ओठाच्या जागेखालून, हनुवटीच्या वर, तांदळाएवढा एक टवका सुटून माझ्या मांडीवर पडला. तो लुकणाचा नव्हता. त्यांचा रंग होता.

"माझ्या हातून गेला," मी म्हणाले. त्यांनी भिंग मागितले, वाकून पाहिले. उरलेले काम करू की थांबू, असे मी विचारले. त्यांनी पुढे चला अशी खूण केली. अडीच वाजता शेवटचा ओरखडा मोकळा झाला. मी विचारले, टवक्याची तेवढी जागा भरून देऊ? माझ्याकडे रंग आहे.

"आज नको. आज त्या तोंडाला कुणीच हात लावू नये."

मी सामान आवरू लागले. लतिकेने शाळेची एक वही आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "कसं यायचं ते दाखवा मला." ते नको म्हणतील असे वाटले. त्यांनी चार-पाच रेषा ओढल्या. एक रुंद, जरा डावीकडे झुकलेले तोंड. तिने वही हातात घेऊन पाहिली. "हो," ती म्हणाली, "दादाच. पान खाल्लेलं लपवताना असंच करायचे." दोघेही ते कागदावरचे तोंड पाहत राहिले, आणि मी निरोप न घेता निघाले.

प्रदर्शनाला मी अखेरच्या दिवशी गेले आणि खांबाआड उभी राहिले. एक गृहस्थ मित्राला समजावीत होते की चित्रकाराला जगाशी अबोला धरायचा आहे. दुसरे म्हणाले, अहो, ओठ जमले नसतील. हेडमास्तरांनी, नंतर कळले, चित्र अपुरे दिसते असा शेरा मारून सवडीने पुरे करायचा सल्ला दिला, आणि बिनयबाबूंनी तो नम्रपणे मान्य केला. नोकरीला धक्का लागला नाही. मी त्या गृहस्थांना काही सांगितले नाही. परंतु तेव्हापासून स्वतःच्या चेहऱ्यासमोर बसलेल्या कोणाही चित्रकाराचे मन मला कळते असे मी कधी म्हटले नाही. कड कशी आहे, एवढेच सांगत आले.

यजमानांची कलकत्त्याहून बदली झाली त्या वर्षी, दुकानातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यांत, लतिका पुन्हा आली. चादर तीच असावी. चित्रावर धूळ बसली होती, वार्निश पिवळे पडले होते. ओठाखालची ती जागा आता भरली तरी चालेल, असा निरोप बिनयबाबूंनी दिला होता. दादांचे काही कळले का, हे विचारायला मला या वेळी फार वेळ लागला नाही. तिने मान हलवली: नाही.

ननीबाबूंनी वही माझ्यापुढे सरकवली. मी नोंद केली: तांदळाएवढा टवका, कड तीक्ष्ण, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून. मग तो भरला. पाऊण तासाचे काम. लतिका सारा वेळ बाकावर बसून होती.

चित्र हातात दिले तेव्हा तिने भरलेल्या जागेकडे पाहिलेच नाही. ती खिडकीशी गेली, चित्र आडवे धरले, एक डोळा मिटून कडेने पाहू लागली आणि एकेका ओरखड्यावरून, रंगाला न टेकवता, बोट फिरवीत गेली.

"बाकीचं काही भरलं नाहीत ना, दीदी?" तिने विचारले.

नाही, असे मी सांगितले, तरी तिने शेवटच्या ओरखड्यापर्यंत पाहून घेतले.